आसन सोडण्याचे नियम



राज्यकारभाराविषयी आपण जेव्हा बोलतो, तेव्हा माणूस सभागृहात कसा येतो याची चर्चा पुष्कळ होते. मतदार कोण, मतदान कसे, मोजणी कशी, हे प्रश्न आपल्या परिचयाचे आहेत. परंतु आलेला माणूस बाहेर कसा जातो, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. निवडून आलेल्या सभासदाच्या बाबतीत तो विचारण्याची फारशी गरजही पडत नाही. पाच वर्षांनी मतदार त्याचे उत्तर देतात. पण ज्या सभासदाला कोणी निवडलेलेच नाही, ज्याला राष्ट्रपतींनी, राज्यपालांनी अथवा राजाने नेमले आहे, त्याला मतदारसंघ नसतो. त्याला पुन्हा निवडणारे कोणी नाही, तसेच पाडणारेही कोणी नाही. मतदारांनी करावयाचे ते काम येथे नियमांना करावे लागते. म्हणून अशा सभागृहाची पारख करताना त्याच्या प्रवेशद्वाराइतकेच बाहेर जाण्याचे दारही पाहिले पाहिजे. आजच्या भाषणात त्याचाच विचार करावयाचा आहे.

मी काशीच्या रामघाटावरचा रहिवासी आहे. दक्षिणेस नागपूरकरांचा भोसले घाट, लगत जटार घाट आणि उत्तरेस पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट अशी ही गंगाकाठची वस्ती. येथे मराठी घरे पिढ्यान् पिढ्या नांदत आली. वल्लभराम शालिग्राम सांगवेद विद्यालय रामघाटावरच आहे. या वस्तीला न निवडलेल्या सभेची कल्पना नवी नाही. सोळाव्या शतकात पैठणच्या भट्ट घराण्यातील नारायणभट्टांनी काशीत जी प्रतिष्ठा मिळविली, तीमुळे पंडितांच्या सभेत या घराण्याला अग्रपूजेचा मान लाभला. विश्वनाथाच्या मुक्तिमंडपात पंडित जमत, वादग्रस्त प्रश्नावर निर्णय देत आणि निर्णयपत्रावर सह्या करीत. १६५७ चे असे एक निर्णयपत्र इतिहाससंशोधकांच्या परिचयाचे आहे. त्या सभेत कोणी मते मागून येत नसे. विद्वत्ता हेच प्रवेशपत्र होते, आणि तिला मुदत नव्हती. सभेतील स्थान सुटे ते देहाबरोबर, नाहीतर संन्यासाबरोबर.

काशीत आणखी एक व्रत आहे, त्याला क्षेत्रसंन्यास म्हणतात. हे व्रत घेणारा मनुष्य पुढे मरेपर्यंत काशीक्षेत्राची सीमा ओलांडीत नाही. येथे न जाण्यातच पुण्य आहे. धर्माच्या क्षेत्रात ही गोष्ट शोभून दिसते, कारण त्या व्रतस्थाच्या हाती दुसऱ्यावर चालविण्याची कसलीही सत्ता नसते. परंतु जेथे कायदे होतात आणि त्या कायद्यांनी इतरांची आयुष्ये बांधली जातात, तेथे क्षेत्रसंन्यास घेऊन बसणारा सभासद ही चिंतेची बाब ठरते.

इंग्लंडच्या लॉर्डांच्या सभागृहात अनेक शतके जवळजवळ हीच स्थिती होती. वडील वारले की ज्येष्ठ पुत्र सभासद होई, आणि तो वारेपर्यंत सभासदत्व त्याला सोडीत नसे. १९५८ च्या कायद्याने तहहयात उमराव नेमण्याची सोय झाली. पण त्या 'तहहयात' शब्दाचा अर्थ अक्षरशः तसाच होता. गैरहजर राहता येई, रजा मागता येई, परंतु राजीनामा देता येत नसे.

या बंधनाचा जाच कोणाला कसा होतो, याचे उदाहरण १९६० साली घडले. अँथनी वेजवुड बेन हे ब्रिस्टलचे लोकनियुक्त खासदार. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांचे वडील व्हायकाउंट स्टॅन्सगेट निवर्तले आणि बेन यांची इच्छा नसताना ते उमराव ठरले. उमरावाला लोकसभेत, म्हणजे त्यांच्या कॉमन्स सभागृहात, तेव्हा बसता येत नसे. १९६१ च्या पोटनिवडणुकीत ब्रिस्टलच्या मतदारांनी त्यांनाच पुन्हा निवडून दिले, तरी निवडणूक न्यायालयाने जागा पराभूत प्रतिस्पर्ध्याला दिली. बेन झगडत राहिले. अखेर १९६३ साली पीअरेज कायदा झाला, वारसाहक्काने आलेली उमरावकी सोडून देण्याचा मार्ग मोकळा झाला, आणि कायदा अमलात आला त्याच दिवशी बेन यांनी ती सोडली. गमतीची गोष्ट अशी की, डाव्या विचारांच्या बेन यांनी मिळविलेल्या या सवलतीचा लाभ त्याच वर्षी लॉर्ड ह्यूम या हुजूरपक्षीय उमरावाने घेतला आणि तो पंतप्रधान झाला.

परंतु तहहयात उमरावांना कायद्याने निवृत्त होण्याची मुभा मिळण्यास २०१४ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या कायद्याने तीन वाटा उघडल्या. स्वतः लेखी कळवून निवृत्त होता येते. एक संपूर्ण अधिवेशन सभागृहात पाऊल न टाकणाऱ्याचे सभासदत्व जाते. एक वर्षाहून अधिक कैदेची शिक्षा झाल्यासही ते जाते. २०१५ च्या कायद्याने सभासदाला काढून टाकण्याचा अधिकार सभागृहाला मिळाला. वंशपरंपरागत उमरावांपैकी बहुतेक सर्व १९९९ मध्येच गेले होते. तेव्हा तडजोड म्हणून ९२ जागा राखल्या होत्या, आणि त्याही संपविण्याचे विधेयक २०२४ मध्ये मांडले गेले. कॅनडाच्या सिनेटमध्येही नेमणूक पूर्वी तहहयात असे. १९६५ नंतर नेमल्या गेलेल्यांना पंचाहत्तराव्या वर्षी निवृत्त व्हावे लागते.

आपल्या घटनाकारांनी या बाबतीत अधिक दूरदृष्टी दाखविली, असे म्हणण्यास हरकत नाही. राज्यसभेतील बहुसंख्य सभासद राज्यांच्या विधानसभांकडून निवडले जातात. ऐंशीव्या अनुच्छेदाने बारा सभासद मात्र राष्ट्रपती नेमतात, आणि साहित्य, विज्ञान, कला अथवा समाजसेवा यांतील विशेष ज्ञान वा अनुभव ही त्यांची पात्रता असते. राज्यसभा कधीही विसर्जित होत नाही. सभागृह अखंड राहावयाचे असेल, तर सभासदांनी क्रमाक्रमाने गेले पाहिजे. म्हणून दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सभासदांनी निवृत्त व्हावे असे ठरले. १९५२ साली पहिले सभासद एकाच वेळी आले, तेव्हा कोणी दोन, कोणी चार आणि कोणी सहा वर्षांनी जावे हे चिठ्ठ्या टाकून ठरविण्यात आले. नटवर्य पृथ्वीराज कपूर यांची पहिली मुदत १९५४ मध्ये संपली, डॉ. झाकिर हुसेन यांची १९५६ मध्ये, तर काकासाहेब कालेलकरांची १९५८ मध्ये. नेमणुकीत राष्ट्रपतींची निवड होती, पण जाण्याचा क्रम चिठ्ठीच्या हाती होता, आणि त्यात कोणाचा अपमान नव्हता.

मुदत हे बाहेर जाण्याचे पहिले आणि सर्वांत निकोप दार. दुसरे राजीनाम्याचे. झाकिर हुसेन पुन्हा नेमले गेले, पण १९५७ मध्ये बिहारचे राज्यपाल होण्यासाठी त्यांनी आसन सोडले. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ १९६६ मध्ये राज्यसभेवर आले आणि १९६७ मध्ये नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष होण्यासाठी गेले. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे १९५३ पासून १९५९ पर्यंत राज्यसभेत होते. काशीच्याच नीलकंठभट्टांच्या 'व्यवहारमयूखा'चे हे संपादक. १९५९ साली ते राष्ट्रीय प्राध्यापक झाले, तेव्हा त्यांचे वय ऐंशीच्या घरात आले होते. 'धर्मशास्त्राचा इतिहास' हा त्यांचा ग्रंथ तेव्हा अपुरा होता. तो १९६२ मध्ये पुरा झाला, आणि १९६३ मध्ये ते भारतरत्न झाले. ज्याला सभागृहाबाहेर स्वतःचे काम आहे, त्याला आसनाची ओढ बेताचीच असते. नेमणुकीसाठी माणूस निवडताना हा गुण पाहावयास हवा, असे मला वाटते.

राजीनाम्याच्या दारालाही राखण लागते. मूळ घटनेप्रमाणे सभासदाने लिहून दिले की जागा रिकामी होई. १९७४ मध्ये गुजरातेत आमदारांकडून दडपणाखाली राजीनामे घेतले जात असल्याचे दिसले, आणि त्याच वर्षी तेहेतिसावी घटनादुरुस्ती झाली. आता राजीनामा स्वेच्छेचा आणि खरा आहे अशी सभापतींची खात्री व्हावी लागते. बाहेर जाण्याचा मार्ग मोकळा असला पाहिजे हे खरे, पण कोणी पाठीत हात घालून बाहेर लोटू नये, हेही तितकेच खरे.

तिसरे दार मृत्यूचे. नाटककार मामा वरेरकर १९५६ मध्ये राज्यसभेवर आले, दुसऱ्यांदा नेमले गेले आणि सप्टेंबर १९६४ मध्ये सभासद असतानाच निवर्तले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई राज्यातून निवडून आलेले सभासद होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचेही सभासदत्व तसेच देहाबरोबर संपले. चौथे दार अपात्रतेचे, आणि पाचवे हकालपट्टीचे. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात लोकसभेच्या दहा सभासदांबरोबर राज्यसभेच्याही एका सभासदाला काढण्यात आले, आणि २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संसदेचा हा अधिकार मान्य केला. नेमलेल्या सभासदाच्या बाबतीत १९८५ च्या दहाव्या परिशिष्टाने आणखी एक अट घातली. शपथेनंतर सहा महिन्यांच्या आत त्याला एखाद्या पक्षात जाता येते. त्यानंतर गेल्यास सभासदत्व जाते. पक्षातीत म्हणून मिळालेले आसन पक्षाला वाहता येऊ नये, हा यामागचा हेतू आहे.

सहावे दार अनुपस्थितीचे. परवानगीवाचून साठ दिवस सर्व बैठकींना गैरहजर राहणाऱ्या सभासदाची जागा सभागृह रिकामी जाहीर करू शकते. नियम कडक दिसतो, पण त्याचे गणित सैल आहे. सत्रसमाप्तीचा काळ आणि सलग चार दिवसांहून अधिक तहकुबीचा काळ या साठ दिवसांत धरला जात नाही, आणि एखादा दिवस हजेरी लावली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. लता मंगेशकर १९९९ ते २००५ आणि सचिन तेंडुलकर २०१२ ते २०१८ या काळात सभासद होते. दोघांच्याही अल्प उपस्थितीची चर्चा झाली. तेंडुलकरांचा प्रश्न २०१४ मध्ये प्रत्यक्ष सभागृहात निघाला, तेव्हा साठ दिवसांच्या नियमाचा भंग झालेला नाही असे पीठासनावरून सांगण्यात आले. या थोर व्यक्तींना दोष देण्याचा माझा हेतू नाही. ज्यांचा दिवस गाण्याला अथवा खेळाला वाहिलेला, त्यांना सभागृहात बोलाविताना नेमणाऱ्यांनीही विचार करावयास हवा होता. मुद्दा असा की, बारा जागांपैकी एक जागा सहा वर्षे जवळजवळ मुकी राहिली, तर ती दुसऱ्या कोणा शास्त्रज्ञाच्या अथवा समाजसेवकाच्या वाट्याची होती. निवडून आलेला सभासद गैरहजर राहिला तर त्याचे मतदार विचारतात. येथे विचारणार कोण?

आता एका नाजूक गोष्टीकडे वळतो. सहा वर्षांनी जाणे निश्चित असले, तरी पुन्हा नेमणूक करण्यास घटनेची मनाई नाही. काकासाहेबांसारख्यांना दुसरी मुदत मिळाली, तीत देशाचा लाभच झाला. परंतु शेवटच्या वर्षी ज्याचे लक्ष पुनर्नेमणुकीकडे लागले, त्या सभासदाला एक अदृश्य मतदार निर्माण होतो. तो मतदार म्हणजे सरकार. मग विद्वानाच्या तोंडून येणारा स्पष्ट शब्द दबू लागतो. माझ्यासारख्या शासकीय नोकराची निवृत्तीची तारीख सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावरून काढता येते. केंद्र सरकारच्या नोकरीत ते वय १९६२ मध्ये पंचावन्नाचे अठ्ठावन्न आणि १९९८ मध्ये साठ झाले. मुदतवाढीची आशा माणसाच्या लेखणीचे काय करते, हे सरकारी कचेरीत काम केलेल्या कोणालाही वेगळे सांगावयास नको. एकदाच नेमावे, सहा वर्षांनी सन्मानाने निरोप द्यावा, असा संकेत पडला तर बाराही आसनांची किंमत वाढेल.

बाहेर जाण्याचा नियम चोख असून आत येण्याचा सैल असेल तर काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी १२ राज्यपालांनी भरावयाच्या असतात. त्या बारा सभासदांची मुदत जून २०२० मध्ये संपली. नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने नावे पाठविली, पण निर्णय झाला नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वाजवी मुदतीत निर्णय व्हावा असे मत दिले. पुढे सरकार बदलले, यादी मागे घेतली गेली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सात जागा भरल्या गेल्या. चार वर्षांहून अधिक काळ साहित्यिक, शास्त्रज्ञ, सहकारी कार्यकर्ते यांच्यासाठी राखलेली आसने रिकामी होती. जाणाऱ्याला तारीख आहे, पण नेमणाऱ्याला तारीख नाही, ही उणीव भरून काढण्याजोगी आहे.

कधी कधी सभासद न जाता सभागृहच जाते, हेही सांगितले पाहिजे. पश्चिम बंगालची विधान परिषद १९६९ मध्ये, आंध्र प्रदेशाची १९८५ मध्ये आणि तामिळनाडूची १९८६ मध्ये रद्द झाली. नेमलेले आणि निवडलेले सारेच एका दिवशी घरी गेले. आंध्रात ती २००७ मध्ये पुन्हा आली, पण जुने सभासद तिच्याबरोबर परतले नाहीत. लोकांना निरुपयोगी वाटू लागलेल्या वरिष्ठ सभागृहाला हे भय नेहमीच असते. वेळेवर जाणारे आणि असेपर्यंत काम करणारे सभासद, एवढाच त्यावर उपाय आहे.

राज्यसभेत दर दोन वर्षांनी निवृत्त होणाऱ्यांचा निरोपसमारंभ होतो. त्या दिवशी पक्षभेद थोडा वेळ बाजूला राहतो आणि ज्यांनी सहा वर्षे एकमेकांवर शब्द झाडले, ते एकमेकांविषयी बरे बोलतात. पुष्कळांना हा केवळ उपचार वाटतो. मला तसे वाटत नाही. सत्तेचे आसन कोणाच्या मृत्यूवाचून आणि कोणाच्या अपमानावाचून मोकळे होऊ शकते, याचा तो दर दोन वर्षांनी मिळणारा पुरावा आहे. पुढच्या वेळी नव्या नेमणुकांची बातमी ऐकाल, तेव्हा आत कोण आले एवढेच पाहू नका. कोण गेले, ते किती दिवस हजर होते आणि काय बोलले, याचीही चौकशी करा. न निवडलेल्या सभासदाला मतदार नसतो, पण त्याला नागरिकांपुढे उत्तर द्यावेच लागेल असे वातावरण निर्माण करणे आपल्या हाती आहे.