गळतीला कान लावा



मोहल्ल्यात पाणी आलं की आपण हंडे, पिंप भरून घेतो. पाणी गेलं की पाइपचा विचार संपतो. आज मला पाणी गेल्यानंतरच्या तासांबद्दल बोलायचं आहे.

मुंबईला सात तलावांतून रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी मिळतं. त्यातला निदान चौथा हिस्सा हिशेबात सापडत नाही. फुटलेल्या पाइपचं, बंद मीटरचं आणि चोरीचं, असं सगळं पाणी एकाच रकान्यात जातं. मग बोट दाखवायला झोपडपट्टी सोपी पडते. ‘पाणीचोर’ हा शिक्का आपल्या वस्त्यांनी फार सोसला. गळती किती आणि चोरी किती, हे अभियंत्यांनाही नेमकं वेगळं करता येत नाही, असं निखिल आनंद यांनी ‘हायड्रॉलिक सिटी’ (२०१७) या मुंबईच्या पाण्यावरच्या अभ्यासात दाखवलं आहे.

मग गळती सापडते कशी? कानाने. कर्मचारी लोखंडी सळईचं एक टोक पाइपवर किंवा चावीवर टेकवतो, दुसरं कानाला लावतो. भोकातून सुटणाऱ्या पाण्याचा सूं-सूं आवाज येतो. यंत्रही तेच करतं: पाइपवर दोन ठिकाणी सेन्सर बसवायचे आणि आवाज कुठे किती उशिरा पोचला यावरून भोकाची जागा काढायची. पण आवाज येतो तो पाइपमध्ये दाब असतानाच. जिथे पाणी तीनच तास येतं, तिथे शोधायलाही तेवढेच तास मिळतात.

उरलेले एकवीस तास पाइप रिकामा असतो. ज्या भोकातून पाणी बाहेर जात होतं, त्याच भोकातून गटाराचं पाणी आत येतं. कावीळ, टायफॉइड, जुलाब घरात येतात ते याच वाटेने. म्हणून गळती हा फक्त पाणी वाया जाण्याचा प्रश्न नाही.

हिशेबही करून पाहा. मिनिटाला एक लिटर गळणारा पाइप तीन तासांत १८० लिटर घालवतो. झोपडपट्टीसाठी वर्षानुवर्षे माणशी ४५ लिटर धरले गेले. म्हणजे चार माणसांचं दिवसाचं पाणी गेलं.

वजू करताना नळ उघडा ठेवणाऱ्या मुलाला आपण लगेच टोकतो. मग गल्लीतल्या गळतीसमोरून महिनोन्‌महिने मुकाट कसे जातो? थोडं स्वतःकडेही पाहू. मुख्य वाहिनीपासून आपल्या घरापर्यंतचा बारीक पाइप अनेकदा गटारातूनच आलेला असतो. तो गंजला तर दुरुस्ती आपल्यालाच करावी लागते.

तेव्हा एक वही करा. पाणी कधी आलं, कधी गेलं, जोर किती होता, पहिली बादली गढूळ होती का, रोज लिहा. शेजारच्या गल्लीत जोर आहे आणि आपल्याकडे नाही, तर मधे कुठेतरी गळती असू शकते. रस्त्यावर साचलेलं पाणी नळाचं वाटलं तर क्लोरीन तपासायला सांगा. पालिकेच्या १९१६ क्रमांकावर तक्रार करा आणि तक्रार क्रमांक वहीत उतरवा.

डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने अनधिकृत झोपड्यांतल्या माणसांचाही पाण्याचा हक्क मान्य केला. लोकांनी पाठपुरावा केला म्हणून ते झालं. तोच पाठपुरावा आता आपल्या गल्लीत करायचा आहे.

टँकर मागणं सोपं आहे. पण टँकर निघून जातो, भोक तिथेच राहतं. आधी ते बुजवायला लावू.