घरच्या माणसाचा रोज कोणी लिहायचा?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणावरून)



मागच्या हंगामात कपाशीला एकरी खर्च किती आला, असं विचारलं तर इथे बसलेला प्रत्येक जण बोटांवर सांगेल. बियाण्याच्या इतक्या थैल्या, खत इतकं, फवारणी इतकी, निंदणाची मजुरी, वेचाई, बंडीभाडं. खिशातून गेलेला पैसा माणसाच्या पाठ असतो.

आता दुसरा प्रश्न. मागच्या आठवड्यात तुमच्या घरची माणसं वावरात किती तास राबली? गुरांमागे किती तास गेले? किती रात्री जागलीला गेल्या? आता मात्र सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहता. कोणी म्हणतो, "ते काय मोजायचं साहेब? घरचंच तर काम."

आज मला या "घरचंच तर काम" बद्दलच बोलायचं आहे.

मी शेतकी कॉलेजात शिकलो. खर्चाचा तक्ता कसा भरायचा ते तिथे शिकवलं. त्या तक्त्यात 'घरचे मजूर' अशी एक ओळ असते. पुढे गावोगाव फिरून मी असे तक्ते भरले. ती ओळ आली की शेतकरी म्हणायचा, "धरा दहा रोज." मी दहा धरायचो. त्यानेही मोजलेलं नसायचं आणि मीही नाही.

ही ओळ साधी नाही. केंद्राचा कृषिमूल्य आयोग खर्च अनेक प्रकारे काढतो. त्यातले तीन ध्यानात ठेवा. ए-टू म्हणजे रोख किंवा वस्तूच्या रूपाने प्रत्यक्ष झालेला खर्च. त्यात घरच्या माणसांच्या श्रमाची किंमत मिळवली की ए-टू अधिक एफ-एल. त्यात स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि भांडवलाचं व्याज मिळवलं की सी-टू. २०१८ च्या अर्थसंकल्पात खर्चाच्या किमान दीडपट हमीभावाची घोषणा झाली. ती ए-टू अधिक एफ-एल या खर्चावर. सी-टूवर द्या, ही मागणी आपण करतोच आणि करत राहू. पण ए-टू अधिक एफ-एल मधला दुसरा आकडा तुमच्या घरच्या घामाचा आहे. तो घाम किती, हे तुमचं तुम्हालाच ठाऊक नसेल तर समोरचा सांगेल तो आकडा ऐकून घ्यावा लागतो. सरकारी नोंद काही निवडक घरांची होते. बाकीच्यांचे तास कुठेच लिहिले जात नाहीत.

म्हणून मी आधी माझ्याच घरी वही घातली. शेती भाऊ आणि वहिनी पाहतात, मी संघटनेच्या कामात असतो. श्रावणातले सात दिवस आम्ही रोज रात्री जेवणानंतर लिहिलं. पुतणी लिहायची, बाकीचे सांगायचे.

आठवड्याचा हिशोब असा निघाला. भाऊ वावरात २६ तास, गुरांमागे ८, तालुक्याच्या गावी ११. शिवाय रानडुकरांसाठी ४ रात्री जागल. वहिनी वावरात ३१ तास, गुरं आणि शेण ९, पाणी-सरपण ८, स्वयंपाक आणि घर ३४. म्हणजे ८२ तास. आई 'नुसती बसून असते' असं आम्ही समजत होतो. नातवंडं, शेळ्या, दळणाची ज्वारी निवडणं धरून तिचे ३७ तास भरले. आणि मी? वावरात ३ तास. वहिनी म्हणाली, "भाऊजी, तुमचं भाषण शेतकऱ्यावर, अन् वावरात तुम्ही तीनच घंटे?" मी काय बोलणार?

८ तासांचा एक रोज धरला तर वावरातल्या कामाचेच एका आठवड्यात साडेसात रोज झाले. आमच्या खर्चात त्या जागी आजवर शून्य होतं.

पण वहीने याहून मोठी गोष्ट दाखवली. भावाचे ते ११ तास पीककर्जाच्या कागदावरच्या एका सहीसाठी गेले. दोन दिवस, दोन चकरा. पहिल्या दिवशी साहेब नव्हते, दुसऱ्या दिवशी रांग होती. हे दोन दिवस ऐन वाफशाचे होते. खालच्या वावरातली डवरणी राहिली. तिसऱ्या दिवशी पाऊस लागला, डवरा चालेना, तण माजलं. जे दोन दिवसांत डवऱ्याने निघालं असतं, ते पुढच्या आठवड्यात वहिनीने आणि मजुरीच्या चार बायांनी बसून हाताने काढलं. कपाशीला पहिले दोन महिने तणाने गाठलं की नुकसान पुढे भरून निघत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणजे तास रांगेत गेले भावाचे, आणि कंबर मोडली वहिनीची. चार बायांच्या मजुरीचे पैसे आम्ही खर्चात लिहिले. त्यांच्यामागचं कारण कधीच लिहिलं नव्हतं.

हे आमच्याच घरचं आहे असं समजू नका. २०१९ साली सरकारने पहिल्यांदा देशभर पाहणी केली, माणसाचे दिवसाचे २४ तास कशात जातात याची. २०२४ साली दुसरी केली. त्यात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्या कामात गेलेली दिसली, आणि असं काम करणाऱ्या पुरुषांची ८८. त्या पाहणीत दिवस पहाटे ४ ला सुरू होऊन दुसऱ्या पहाटे ४ ला संपतो, आणि नोंद अर्ध्या-अर्ध्या तासाची. आपणही तीच रीत धरू.

कसं लिहायचं ते सांगतो. शाळेची जुनी वही घ्या. एका दिवसाला एक पान. घरातल्या प्रत्येक कर्त्या माणसाला एक रकाना, म्हातारी माणसं धरून. खाली पाच घरं: वावर, गुरं, घर आणि पाणी, बाहेरच्या चकरा, जागल. घड्याळ नसलं तरी अडत नाही. सूर्यावरून आपल्याला अर्धा तास कळतो. लिहिता येत नसेल तर प्रत्येक कामाला एक डबी ठेवा आणि तासाला एक सरकी टाका. मात्र त्याच रात्री लिहा. दुसऱ्या दिवशी आठवून लिहिलं की ते पुन्हा 'धरा दहा रोज' होतं. वर्षभर नको. पेरणी, निंदण, वेचणी आणि ज्वारीची काढणी, असे चार आठवडे पुरेत.

आणि खरं लिहा. पानठेल्यावर दोन तास गेले असतील तर तेही लिहा. बाईला धारेवर धरायला ही वही नाही. तिचे तास तिने सांगायचे, गड्याने दुरुस्त करायचे नाहीत.

आमच्याकडे वहीनंतर दोन गोष्टी झाल्या. पाणी आता भाऊ भरतो. आणि गल्लीतल्या चार घरांनी ठरवलं, वाफशाच्या दिवसांत तालुक्याला एकानेच जायचं, चौघांचे कागद घेऊन. सहीला माणूस स्वतःच लागतो तिथे त्याचं वावर बाकीचे तिघे डवरतात. भाव त्याने वाढला नाही. पण त्या हंगामात डवरणी हुकली नाही.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावातून निदान पाच वह्या याव्यात. आपण त्या एकत्र मांडू, गावात चालू असलेल्या रोजाने गुणू, आणि मग खर्चाचा आकडा सांगू. तेव्हा कोणी विचारलं की हा आकडा कुठून आणला, तर वही पुढे ठेवता येईल.

घरी गेल्यावर आज रात्रीच पहिलं पान आखा. पहिला रकाना घरातल्या बाईचा.