तबकडीला रंग देताना



आजचा आपला विषय आहे खेळायच्या प्लास्टिकच्या तबकडीला घरच्या घरी रंग देणे. मैदानावर मुले जी तबकडी एकमेकांकडे फेकतात, तिचीच एक धाकटी बहीण डिस्क गोल्फ नावाच्या खेळात वापरतात. गोल्फमध्ये चेंडू काठीने टोलवून खळग्यात घालावयाचा असतो. येथे तबकडी हाताने फेकून साखळ्या टांगलेल्या टोपलीत पाडावयाची, आणि तीही शक्य तितक्या थोड्या फेकींत. या खेळाचे पहिले कायमचे मैदान अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, १९७५ साली तयार झाले. तबकडीचा व्यास सुमारे २१ सेंटीमीटर, वजन सामान्यतः १५० ते १८० ग्रॅम. गवतात हरवू नये, दुसऱ्याच्या तबकडीशी गफलत होऊ नये आणि आपल्या वस्तूवर आपली खूण असावी, म्हणून पुष्कळ खेळाडू ती स्वतः रंगवितात.

येथे पहिलाच प्रश्न उभा राहतो. कुंचल्याने तेलरंग फासला तर काय बिघडले? बिघडते असे की, तो रंग वस्तूच्या अंगावर बसतो, अंगात शिरत नाही. दोनचार वेळा तबकडी दगडावर आपटली की त्याचे पोपडे निघतात. शिवाय या खेळाच्या नियमांप्रमाणे ज्या रंगाचा थर हाताला जाणवतो, असा रंग फासलेली तबकडी सामन्यात चालत नाही, कारण थरामुळे तिचे उड्डाण बदलू शकते. म्हणून रंग लावून भागत नाही. तो वस्तूने आपल्या अंगात घ्यावा लागतो. लावलेला रंग आणि घेतलेला रंग यांतला हा भेद एकदा मनात ठसला म्हणजे निम्मे काम झालेच म्हणून समजा.

हा भेद खानदेशाला नवा नाही. जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांच्या काळ्या जमिनीत कापूस पिकत आला, आणि कापसाच्या पाठोपाठ येथे रंगाऱ्याचे कसबही नांदले. यावल तालुक्यातील फैजपूर हे गाव पूर्वी छापील कापडाबद्दल आणि आपल्या गर्द निळ्या व लाल रंगांबद्दल प्रसिद्ध होते. यांतला लाल रंग आल नावाच्या झाडाच्या मुळांच्या सालीतून निघे. परंतु आलीच्या काढ्यात सुती कापड नुसते बुडविले तर हाती येतो तो फिकट, धुण्यात उतरणारा रंग. त्यासाठी कापडाला आधी तुरटी पाजावी लागे. तुरटी एका हाताने धाग्याला धरते आणि दुसऱ्या हाताने रंगाला. निळीची तऱ्हा निराळी. ती पाण्यात विरघळतच नाही. पिंपात आंबवून तिला विरघळण्याजोगी करावी लागते. मग कापड बाहेर काढले की हिरवट पिवळा दिसणारा रंग वाऱ्याने आपल्या डोळ्यांदेखत निळा होतो. म्हणजे प्रत्येक रंगाची वस्तूशी सोयरीक जुळविण्याची रीत वेगळी, आणि ती रीत ठाऊक असणे हीच रंगाऱ्याची खरी पुंजी होती.

ती पुंजी कशी गेली हेही थोडक्यात सांगितले पाहिजे. १८६८ साली जर्मनीतील ग्रेबे आणि लीबरमान या दोन रसायनज्ञांनी मंजिष्ठाच्या मुळातील लाल द्रव्य, अलिझारिन, प्रयोगशाळेत तयार केले. लवकरच ते कारखान्यांतून स्वस्तात बाहेर पडू लागले. १८९७ साली कृत्रिम नीळही बाजारात आली. आलीची मुळे जमिनीत वर्षानुवर्षे वाढू द्यावी लागत. पुडीतला रंग एका दिवसात हाती येई. शेतकऱ्याने आल सोडली आणि रंगाऱ्याचे गुपित पुडीत बंद झाले. रंग स्वस्त झाला ही गोष्ट चांगलीच. पण रंग का धरतो आणि का सुटतो हे सांगणारी माणसे घटली. पुडी फोडणारा आपण, पुडीत काय आहे हे मात्र आपल्याला ठाऊक नाही, अशी आज आपली अवस्था आहे. घरी एखादी वस्तू रंगवून पाहण्याचा खरा लाभ या ठिकाणी आहे.

आता प्लास्टिककडे वळू. जळगावात १९८० पासून प्लास्टिकचे पाइप मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले आणि पुढे येथली प्लास्टिकची चटईही घरोघरी पोहोचली. ही चटई मुख्यतः पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची. तिची लाल-हिरवी नक्षी विणून झाल्यावर बुडवून आणलेली नसते. दाणे वितळत असतानाच त्यांत रंग मिसळलेला असतो. याचे कारण असे की, पॉलिप्रॉपिलीन आणि त्याचे भावंड पॉलिएथिलीन यांच्या ठिकाणी रंगाला आसरा देणारी जागा जवळजवळ नसते. स्वस्त तबकड्या बहुधा याच जातीच्या असतात, आणि म्हणून त्या रंग नीट धरीत नाहीत. थोड्या महाग, लवचिक आणि किंचित पारदर्शक दिसणाऱ्या तबकड्या पॉलियुरेथेन जातीच्या असतात. त्या रंग आनंदाने घेतात. तेव्हा आरंभ करणाऱ्याने अशी एखादी पांढरी तबकडी निवडावी.

रंग कोणता घ्यावा? होळीचा, खाण्याचा किंवा सुती कापडाचा रंग येथे निरुपयोगी आहे. हवा तो पॉलिस्टरचा रंग, ज्याला डिस्पर्स रंग म्हणतात. तापीच्या काठाने खाली गेले की सुरत लागते. तेथील पॉलिस्टरच्या साड्या याच कुळातील रंगांनी रंगतात. हे रंग पाण्यात फारसे विरघळत नाहीत, बारीक कणांच्या रूपाने तरंगत राहतात. प्लास्टिकचा स्पर्श होताच ते पाणी सोडून त्यात विरघळू लागतात, आणि उष्णतेने ही वाट मोकळी होते.

कृती सोपी आहे. तबकडी साबणाने धुऊन पुसावी, मग स्पिरिटच्या बोळ्याने वरची बाजू स्वच्छ करावी आणि तिला पुन्हा बोट लावू नये. बोटाच्या तेलकटपणाने डाग उमटतो. तबकडीहून मोठ्या जुन्या थाळीत दाढीचा तयार फेस बोटभर जाडीचा पसरावा. चिमूटभर रंग थोड्या कोमट पाण्यात कालवून गाळून घ्यावा व त्याचे थेंब किंवा रेघा फेसावर सोडाव्या. काडीने हलकेच फिरविले की संगमरवरासारखी नक्षी उठते. तबकडी पालथी ठेवून मधला फुगवटा हळूच दाबावा, म्हणजे आत हवा कोंडून राहत नाही. मग चोवीस तास तिला हात लावू नये. खानदेशचा उन्हाळा या कामी मदत करतो. मात्र तापलेल्या पत्र्यावर तबकडी ठेवाल तर ती वाकडी होईल. धुळ्याच्या कडाक्याच्या थंडीत हेच काम अधिक वेळ घेते. शेवटी गार पाण्याने धुऊन, रंग उतरणे थांबेपर्यंत साबण लावावा.

एकच सपाट रंग हवा असल्यास जुन्या पातेल्यात पाणी साधारण साठ अंशांपर्यंत तापवून त्यात रंग घालावा आणि तबकडी पाचदहा मिनिटे बुडवावी. उष्णतामापक जवळ असू द्यावा. पाणी उकळले तर तबकडीचा आकार बिघडतो, आणि आकार बिघडला म्हणजे तिची फेकही बिघडली. नक्षीत पांढरी जागा राखावयाची असेल तर तेवढ्या भागावर चिकट व्हिनाइल कापून घट्ट बसवावे. बाटिक करणारा मेण वापरतो, तेच हे तत्त्व.

एक गोष्ट विसरू नये. हा रंग पारदर्शक आहे. पिवळ्या तबकडीवर निळा चढविला तर हिरवा दिसेल, आणि गडद रंग पुन्हा फिका करता येणार नाही. म्हणून फिक्यापासून गडदाकडे जावे.

गृहिणींना वेगळे सांगणे नको, तरी सांगतो: या कामाची थाळी, पातेले, चमचा पुन्हा स्वयंपाकात घेऊ नये. पुडी फोडताना नाकातोंडावर कापड बांधावे, हातांत रबरी मोजे घालावे, आणि स्पिरिट उघडे असताना जवळ शेगडी पेटवू नये. मुलांनी हे काम मोठ्यांच्या देखत करावे. उरलेले रंगाचे पाणी बाटलीत भरून खूणचिठ्ठी लावावी; ते पुन्हा उपयोगी पडते. नाल्यात ते ओतू नये. ज्या मुलखात उन्हाळ्यात हंड्याहंड्याचा हिशेब करावा लागतो, तेथे पाणी नासविण्याची चैन कोणालाच परवडण्याजोगी नाही.

पहिल्या खेपेस एकच तबकडी आणि एकच रंग घ्या. पाणी किती, रंग किती, वेळ किती, हवा कशी होती, हे वहीत टिपून ठेवा. दुसऱ्या खेपेस यांतली एकच गोष्ट बदला. दहा तबकड्या झाल्यावर ती वही चाळून पाहिलीत, तर पुडीवर छापलेले नाही असे पुष्कळ काही तीत सापडेल. फैजपूरच्या रंगाऱ्याजवळ अशी वही असेल वा नसेल. पण तिच्यात जे उतरते ते ज्ञान त्याच्या हातांत होते.