विनोदाची सरहद्द

पुलंची ‘म्हैस’ इंग्रजीत सांगून पाहा. निम्मी गंमत वाटेतच सांडते. त्यामुळे विनोदाला सरहद्द ओलांडता येत नाही, अशी आपली समजूत होते. एडी इझार्ड या ब्रिटिश कलावंताने ही समजूत जगभर हिंडून तपासली.

इझार्ड यांचा जन्म १९६२ सालचा, एडन बंदरातला. वडील तेल कंपनीत नोकरीला. पुढे उत्तर आयर्लंड, मग वेल्स. सहाव्या वर्षी आई गेली आणि वसतिगृहाची शाळा नशिबी आली. इझार्ड आज स्वतःचा उल्लेख स्त्रीलिंगी करतात, म्हणून मीही ‘त्या’ म्हणतो.

१९९८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत चित्रित झालेल्या ‘ड्रेस टू किल’ या कार्यक्रमात त्या साम्राज्याची गोष्ट सांगतात. साहेब हिंदुस्थानात उतरतो, झेंडा रोवतो आणि देश आपला म्हणतो. इथं आम्ही कोट्यवधी माणसं राहतो, असं लोक सांगतात, तर तो त्यांच्याकडे झेंडा आहे का ते विचारतो! आपल्याच देशाच्या इतिहासाला हसणारा कलावंत परक्या श्रोत्यालाही जवळचा वाटतो.

याच कार्यक्रमात शाळेतल्या फ्रेंचची फजिती आहे. धड्यात शिकलेलं एक वाक्य झाडावरच्या माकडाचं. आता ते फ्रान्समध्ये वापरायचं, तर माकड बरोबर न्यायला हवं!

पण इझार्ड खरोखरच फ्रेंचमध्ये उभ्या राहिल्या. मग जर्मनमध्ये आणि स्पॅनिशमध्येही. भाऊ मार्क यांच्या मदतीने त्यांनी जर्मन कार्यक्रम तोंडपाठ केला. आता अडचण पाहा. विनोदाचा धक्का शेवटच्या शब्दावर बसावा लागतो आणि जर्मनमध्ये तिथे पुष्कळदा क्रियापद येऊन बसतं. आपल्याला ही जागा ओळखीची आहे. ‘साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं, चहा पाजला, पाठीवर हात ठेवला आणि नोकरीवरून काढलं.’ मराठीत तो शेवटचा शब्दच घाव घालतो.

इझार्ड यांचं म्हणणं असं, की विनोद राष्ट्रीय नसतो, त्यातले संदर्भ राष्ट्रीय असतात. स्थानिक पुढाऱ्याचं नाव परदेशात कोणाला कळणार? म्हणून त्या रोमन लोक, देव, नरबळी असे सर्वांना ठाऊक असलेले विषय निवडतात. प्रवासाने त्यांच्या विनोदाला हे वळण दिलं.

६ जून २०१४. नॉर्मंडीतल्या दोस्त सैन्याच्या चढाईला त्या दिवशी सत्तर वर्षं झाली. १९४४ च्या लढाईत उद्ध्वस्त झालेल्या काँ शहरात इझार्ड यांनी एकाच दिवशी तीन प्रयोग केले: जर्मन, फ्रेंच आणि इंग्रजी. ज्या भाषांतून कधीकाळी एकमेकांवर गोळ्या झाडण्याचे हुकूम सुटले होते, त्याच भाषांतून तिथे लोक एकाच गमतीला हसले.