गिटारची दूरस्थ पाठमाला



लातूर आणि नांदेड हीं नांवें आज महाराष्ट्रांत अभ्यासाशीं जोडलेलीं आहेत. खेडोपाडींचे विद्यार्थी वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठीं येथें येऊन राहतात. त्यांच्यापैकीं एखाद्याच्या खोलींत, पुस्तकांच्या ढिगाशेजारीं, गिटारही दिसते. त्याला दिवसाकाठीं फार तर अर्धा तास मोकळा मिळतो, आणि शिक्षकाच्या वेळा त्याच्या वेळांशीं जुळत नाहींत. अशा विद्यार्थ्यासाठीं इंटरनेटवरून पाठमाला आंखावयाची झाल्यास ती कशी असावी, याचा आज विचार करूं.

संगीत गुरूसमोर बसूनच यावें, ही आपली जुनी समजूत. विष्णु नारायण भातखंडे यांनीं घराण्यांनीं जपलेल्या चिजा स्वरलिपींत उतरविल्या आणि क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत प्रसिद्ध केल्या. विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं १९०१ सालीं लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून वर्गांत संगीत शिकविण्याची वाट पाडली. सोप्याकडून अवघडाकडे जाणारा क्रम हें या दोघांचें देणें होय. परंतु पुस्तक बोलतें, ऐकत नाहीं. आणि ध्वनिमुद्रित पाठाचीही गत तीच.

प्रथम क्रम पाहूं. शास्त्र आणि हाताचें तंत्र यांचे पाठ वेगळे करूं नयेत. आपल्या घरांतील पेटीवर सप्तकाचे बारा स्वर असतात. गिटारवरही एकेक पडदा म्हणजे एकेक अर्धस्वर. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर येतो आणि तेथें मोकळ्या तारेचाच स्वर वरच्या सप्तकांत बोलतो. पांचव्या, म्हणजे ए स्वराच्या, तारेचा तिसरा पडदा दाबला कीं पेटीची पांढरी एक मिळते. एवढें कळलें कीं परक्या वाद्याचें भय जातें.

पुढचा पाठ स्वरसंघाचा. पांढरी एक षड्ज मानली, तर सा, ग, प मिळून सी मेजर होतो. त्यांतील पंचम काढून धैवत घेतला कीं ए मायनर. सा आणि ग दोहोंत कायम राहतात. आतां हात पाहा : तर्जनी आणि मध्यमा जागच्या हलत नाहींत, एकटी अनामिका पांचव्या तारेवरून तिसऱ्या तारेवर जाते. न हललेल्या दोन बोटांखालीं तेच दोन स्वर आहेत! येथें शास्त्र बोटांना समजतें.

आतां ऐकण्याचा प्रश्न. दूरध्वनीच्या पडद्यावर गुरु-शिष्य समोरासमोर दिसले, तरी आवाज पोंचण्यास क्षणाचा अंश लागतो. तेवढ्यानें ताल चुकतो आणि सहवादन साधत नाहीं. म्हणून तो हट्ट सोडावा. शिष्यानें लयमापकाच्या ठोक्यावर एक मिनिट वाजवावें, त्याचें मुद्रण पाठवावें, आणि शिक्षकानें तें शांतपणें ऐकून एकच दोष सांगावा. चित्रांत मनगट दिसलें पाहिजे. कारण वांकड्या मनगटाची खोड एकदां जडली कीं हात दुखूं लागतो आणि गिटार खुंटीला लागते.

ज्याला लातूर पॅटर्न म्हणतात, त्याचें बळ वारंवार घेतलेल्या सराव-परीक्षांत आणि चुकांच्या दुरुस्तींत आहे. तोच धडा येथें घ्यावा. बारा पाठ आधींच मुद्रित करून ठेवूं नयेत. पहिले चार पक्के आंखावेत; पांचवा, विद्यार्थ्यांकडून आलेलीं मुद्रणें ऐकल्यावर रचावा. शिक्षकाला काय येतें यापेक्षां शिष्याचें काय अडतें, यावरून पाठमाला ठरावी.

पाठ सांगून झाला म्हणजे संपला, असें मानूं नये. दूरच्या खोलींतून शिष्याचें वादन परत येऊन शिक्षकाच्या कानीं पडेल, तेव्हांच तो पुरा झाला.