एक चौकट, दोन घड्याळे

संगणकाला कळतात आकडे आणि यंत्राला हवे असतात व्होल्ट. हा बदल करून देणारे एक कार्ड संगणकात बसवतात. सोळा बिटांच्या कार्डात उणे दहा ते अधिक दहा व्होल्टची पट्टी ६५,५३६ पायऱ्यांत विभागलेली असते. व्होल्ट ज्या तारेतून बाहेर पडतात ते ॲनालॉग आउटपुट. आउटपुट कोणते आणि पट्टी किती, हे कार्डाला सांगणे सोपे असते. पुढचा आकडा नेमका केव्हा बाहेर सोडायचा, हे मात्र कार्डावरचे घड्याळ ठरवते. त्या घड्याळाची किंमत मला २००३ साली कळली, आणि तीही दुसऱ्याला दोष देऊन झाल्यावर.

पुण्याजवळच्या एका प्रयोगशाळेत आम्ही बसच्या आसनाची लोखंडी चौकट तपासत होतो. चार पायांखाली चार कंपनयंत्रे, सेकंदाला वीस हेलकावे. चारही पाय एकदम वर, एकदम खाली जायला हवेत. एका कार्डावर आउटपुट दोनच, म्हणून डावे पाय एका कार्डावर आणि उजवे दुसऱ्यावर दिले. दोन मिनिटे चालवून पाहिले, सगळे झकास. मी चहाला गेलो.

विसाव्या मिनिटाच्या आसपास चौकटीचा सांधा तडकला. दुसरी चौकट लावली, तीही त्याच सुमारास तडकली. मी अहवालात लिहिले, ‘वेल्डिंग कमकुवत.’ खाली सही ठोकली. ज्या कारागिराने ते सांधे जोडले होते, त्याला दुसऱ्याच दिवशी कामावरून घरी बसवले गेले.

तिसऱ्या चौकटीच्या वेळी, खरे तर कंटाळा आला म्हणून, मी दोन्ही कार्डांच्या लहरी ऑसिलोस्कोपवर लावून बसलो. सुरुवातीला एकीवर एक अगदी चपखल. दहा मिनिटांनी एक मागे पडलेली दिसली. वीस मिनिटांनी एक वर, तर दुसरी खाली! चौकट हलत नव्हती, पिळली जात होती.

प्रत्येक कार्डावर स्वतःचा क्वार्ट्झचा स्फटिक असतो. दोन स्फटिक कधीच तंतोतंत सारखे नसतात. आमच्या दोघांत दहा लाखांत साधारण विसाचा फरक निघाला. ऐकायला नगण्य; पण साडेबाराशे सेकंदांत तो २५ मिलिसेकंद होतो, आणि वीस हेलकाव्यांच्या हिशेबात हा बरोबर अर्धा हेलकावा! दोन मिनिटांच्या चाचणीत तो जेमतेम अडीच मिलिसेकंद होता. डोळ्यांना दिसणार कसा?

उपाय चिमुकला होता. पहिल्या कार्डाचे ठोके एका पट्टीवजा केबलने दुसऱ्याला पोचवले आणि दुसऱ्याला सांगितले, घड्याळ बाहेरचे घे. फक्त क्रम सांभाळायचा: दुसरे कार्ड आधी तयार करून वाट पाहत ठेवायचे, मग पहिले सुरू करायचे. उलट केले, तर सुरुवातीचे ठोके वाया जातात आणि डावे-उजवे पुन्हा फसते. (थांबवतानाही शेवटचा आकडा शून्य द्यावा, बरीच कार्डे कार्यक्रम संपला तरी शेवटचा व्होल्ट धरून बसतात.)

तिसरी चौकट ठरलेले आठ तास पुरून उरली. मी अहवाल मागे घेतला, तसे लेखी कळवले आणि त्या कारागिराच्या घरी स्वतः गेलो. तीन आठवडे तो रिकामा होता. मी स्फटिक, ठोके, सगळे समजावले. त्याने शांतपणे ऐकले आणि विचारले, “साहेब, काम एक होतं, मग घड्याळं दोन कशाला लावली होती?”