शिष्यवृत्तीच्या उंबरठ्यावर कोण अडते?



वाराणसीचा भोसले घाट नागपूरच्या भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधला. त्या दगडांमागे नागपूर-वऱ्हाडच्या कुणब्याचा सारा आहे. मराठेशाहीतील सरंजामी सत्ताधाऱ्यांनी घाटांप्रमाणे विद्येवरही पैसा खर्च केला. परंतु तो घेण्यास पात्र कोण, हे कसे ठरत होते? पुण्यास पेशव्यांच्या श्रावणमासातील दक्षिणेसाठी विद्वानांची परीक्षा होत असे, आणि ती काही लुटुपुटूची नसे. मात्र परीक्षेस बसण्याचा अधिकार जन्मानेच ठरलेला. १७९१ साली कंपनी सरकारने वाराणसीत संस्कृत पाठशाळा उघडली, तेव्हाही वैद्यकाचा अपवाद सोडून अध्यापक ब्राह्मणच असावेत, असा नियम केला. साऱ्याचा भार कुणब्यावर, विद्येचे दार मात्र त्याच्या मुलाला बंद, असा तो व्यवहार होता.

पुढे जन्माच्या जागी गुणांची कसोटी आली. १८८२ साली हंटर आयोगास दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी तिच्यावर नेमके बोट ठेवले. स्पर्धेने शिष्यवृत्ती देणे तत्त्वतः न्याय्य दिसले, तरी त्यामुळे शिक्षण इतर वर्गांत पसरत नाही. ज्या वर्गांत विद्या पोचलेलीच नाही, त्यांना काही शिष्यवृत्त्या मिळाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते.

२००८ साली केंद्र सरकारने आर्थिक दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय शिष्यवृत्ती योजना सुरू केली. देशभरात वर्षाला एक लाख नव्या शिष्यवृत्त्या. आठवीत परीक्षा, आणि नववी ते बारावी दरसाल रक्कम, जी २०१७ पासून १२,००० रुपये झाली. हेतू स्वागतार्ह आहे, राखीव जागाही आहेत. परंतु परीक्षेस बसण्यासाठीच सातवीत ५५ टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के. पोटाला चिमटा घेऊन खासगी विनाअनुदानित शाळेत घातलेल्या मुलांना तर अर्जही करता येत नाही. शिवाय महाराष्ट्रात २०२२, २०२३ व २०२४ साली ही परीक्षा डिसेंबरात, ऐन गाळप हंगामात झाली. त्या वेळी बीडच्या ऊसतोड मजुराची मुलगी कारखान्याच्या तळावर, कोपीत धाकट्या भावाला सांभाळत असते. तिची बुद्धी कुणी तपासलेलीच नसते.

म्हणून ऊसतोड कामगारांत काम करणाऱ्या साथींनी टोळ्या दसऱ्यानंतर गाव सोडण्यापूर्वीच आठवीतील मुलांची यादी करावी, उत्पन्नाचे दाखले काढून द्यावेत, शाळेकडून अर्ज भरून घ्यावेत. कारखान्याच्या तालुक्यातच या मुलांना परीक्षा केंद्र मिळावे, ही मागणी मजुरीवाढीच्या मागणीपत्रातच घालावी. ती शिक्षक संघटनेवर सोडून देऊ नये.